करेज्मात (ईस्टरआधीच्या व्रताच्या काळात) ऑफिसची पार्टी शुक्रवारी ठेवली तर कॅथलिक सहकारी जेवतील का?

पणजीतल्या ऑफिसात मार्चमधल्या शुक्रवारी दुपारचं जेवण ठेवायचं आहे आणि टीममध्ये चार कॅथलिक आहेत, असा प्रश्न आहे. खुशाल ठेवा, फक्त मेन्यू बदला.

त्या दिवशी मांस वर्ज्य असतं, जेवण नव्हे. मासे, सुंगटं (कोळंबी), अंडी, दूध सगळं चालतं, त्यामुळे गोव्यात हा नियम पाळणं काही फार जड जात नाही! घोळ होतो तो ‘चोरीस’ (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घातलेल्या पुलावात आणि चिकनच्या पाण्यात शिजवलेल्या भातात. केटररला हे आधीच बजावून सांगा. ‘वरून तुकडे काढून देतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. मांसवर्ज्याचा नियम वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतो.

खरा उपवास दोनच दिवस असतो: राखेचा बुधवार (करेज्मचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत हा नियम आहे. एक पूर्ण जेवण, शिवाय दोनदा थोडंसं खाणं, तेही मिळून एका जेवणाइतकं नको. आजारी माणसांना सूट असते. या दोन दिवशी पार्टी नकोच.

दारूवर चर्चची बंदी नाही, पण कित्येक जण करेज्मभर ती स्वतःहून सोडतात. ‘एक पेग घे रे’ म्हणत मागे लागू नका. 19 मार्चचा संत जोसेफचा किंवा 25 मार्चचा मरियेला मिळालेल्या शुभवार्तेचा सण शुक्रवारी आला, तर सहसा मांसही चालतं. तरी त्यांनाच विचारलेलं बरं.