‘पोसख’ला नुसतं काठी म्हणू नकोस

तुझं रशियनवरून केलेलं भाषांतर वाचलं. ‘पोसख’ हा रशियन शब्द दिसला की तू डोळे मिटून ‘काठी’ लिहितोस, तिथेच गडबड होते. आधी काठी कुणाच्या हातात आहे ते बघ. मेंढपाळ किंवा पायी निघालेला यात्रेकरू असेल तर काठी चालेल. पण ऑर्थोडॉक्स बिशपच्या हातातला पोसख अधिकाराची खूण असतो, तिथे ‘धर्मदंड’ लिही. नववर्षाला भेटी वाटणाऱ्या देद मरोझच्या हातातही पोसखच असतो. त्याला मी तरी ‘जादूची काठी’ म्हणेन, ‘दंड’ फार कडक वाटतो.

शहरी बाबूची छडी म्हणजे ‘त्रोस्त’, म्हातारीची वाकडी काठी ‘क्ल्युका’, कुबडी ‘कस्तील’. ही सरमिसळ करू नकोस.

खरी फसगत ‘पसशोक’मध्ये आहे. शब्दशः छोटी काठी. पण पाहुणा निघताना यजमान ‘ना पसशोक!’ म्हणतो तेव्हा काठी नाही, निरोपाचा शेवटचा पेला पुढे येतो. तू तिथे पाहुण्याच्या हातात काठी दिलीस! (हसलो, पण पहिल्यांदा मीही तेच केलं होतं.)

गंमत म्हणजे पोसखच्या मुळाशी ‘सखा’ म्हणजे फाटा फुटलेली फांदी मानतात, आणि तिचं नातं आपल्या ‘शाखे’शी जोडतात.