परवाना असलेलं पिस्तूल रोज कपड्यांखाली बाळगायचं तर त्रास होऊ नये म्हणून बेल्ट, होल्स्टर कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की परवाना आहे, पिस्तूल मध्यम आकाराचं आहे, पण दुपार झाली की कंबर भरून येते, वाकलं की शर्टातून मूठ दिसते, मग आता छोटं पिस्तूल घेऊ का. माझ्या मते पिस्तूल आहे ते राहू द्या आणि आधी बेल्ट बदला. मी रोज बाळगतो आणि ज्यांना ज्यांना हा त्रास होताना पाहिलाय त्यांच्यातल्या बहुतेकांचा बेल्ट साधा, पँटसोबत मिळतो तसलाच होता.

ग्लॉक १९ सारखं पिस्तूल मॅगझीन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, भरलेलं असलं की साधारण ८५० ग्रॅम होतं, आणि हे सगळं वजन बेल्टच्या चार-पाच इंचांवर येतं. मऊ बेल्ट तिथेच वळतो, होल्स्टर, म्हणजे बेल्टला अडकवायचं पिस्तुलाचं म्यान, बाहेरच्या बाजूला कलतं, मग माणूस बेल्ट अजून आवळतो आणि दुखणं तिथून सुरू होतं. दीड इंच रुंद आणि ताठ बेल्ट घ्या, दोन थरांचं चामडं किंवा आत कडक पट्टी शिवलेला. घेताना बेल्ट आडवा धरून टोक मोकळं सोडून बघा, लगेच लोंबायला लागला तर ठेवून द्या. भोकं एक-एक इंचावर असतात म्हणून बऱ्याचदा एक भोक घट्ट आणि पुढचं सैल असं होतं, त्यामुळे बारीक दातांवर सरकणारं बक्कल मिळालं तर बसताना थोडं सैल करता येतं, जेवल्यावर पण. आणि होल्स्टर पँटच्या आत घालणार असाल तर पँट कमरेला एक-दोन इंच मोठी लागतेच, नेहमीच्या मापात ते कोंबलं तर कितीही चांगलं होल्स्टर असू दे, टोचणारच.

आता होल्स्टर. इथे आरामाच्या आधी एक गोष्ट बघायची ती म्हणजे ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचं कडं, पूर्ण झाकलेलं हवं आणि ते झाकण कडक हवं. घरी पिस्तूल रिकामं करा, म्हणजे आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळीची जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटाने पण चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मग पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून नळी सुरक्षित दिशेला ठेवत बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने दाबा. आतला ट्रिगर हलतोय असं जाणवलं तर ते होल्स्टर वापरू नका. कुठल्याही पिस्तुलाला चालणारी कापडी होल्स्टरं इथेच नापास होतात, शिवाय पिस्तूल काढलं की त्यांचं तोंड मिटतं. जुनं झालेलं चामडंही तपासा, तोंडाशी मऊ पडलं की त्याची घडी आत जाऊन पिस्तूल ठेवताना ट्रिगर दाबला गेल्याचे प्रकार झालेत. म्हणून मी तुमच्याच मॉडेलवर साचा घेतलेलं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, होल्स्टर सुचवेन.

मूठ दिसण्याबद्दल. लोकांना वाटतं लांब नळी दिसते, पण नळी पँटच्या आत जाते, शर्टाला उंचवटा येतो तो मुठीचा. त्यासाठी होल्स्टरला ट्रिगर गार्डच्या बाजूला एक छोटा पंख लावतात, बेल्ट त्याच्यावर दाब देतो आणि मूठ वळून पोटाकडे येते. दुसरं म्हणजे होल्स्टरच्या खालच्या टोकाला, अंगाच्या बाजूने फोमची पाचर चिकटवायची, खालचं टोक बाहेर ढकललं गेलं की वरची मूठ आपोआप आत येते, आणि कडक कड टोचत होती तिथे मऊ फोम येतो हा वेगळा फायदा. आणि अगदी आखूड होल्स्टर नेहमी आरामशीर असतंच असं नाही, बेल्टच्या खाली पुरेशी लांबी नसेल तर वरचं वजन त्याला बाहेर उलटं पाडतं, त्यामुळे छोट्या पिस्तुलालासुद्धा थोडं लांब होल्स्टर कधीकधी जास्त स्थिर बसतं.

जागा कुठली हे शरीरावर आहे. बेंबी म्हणजे १२ वाजले धरलं तर उजव्या हाताच्या माणसाला ३ ते ४ च्या मध्ये, किंवा पुढे १ च्या आसपास. पोट सुटलेलं असेल किंवा दिवसभर गाडी चालवायची असेल तर दोन्ही करून बघा, अर्धा इंच इकडेतिकडे केल्याने सुद्धा हाड टोचायचं थांबतं. पुढे ठेवलं तर नळी मांडीतल्या मोठ्या धमनीच्या दिशेने असते हे लक्षात ठेवून पिस्तूल परत ठेवताना अजिबात घाई करू नका, बोट ट्रिगरपासून लांब, शर्ट पूर्ण वर, डोळ्यांनी बघत. त्याहून चांगलं म्हणजे होल्स्टरसकट कमरेला लावायचं आणि होल्स्टरसकटच काढायचं. पाठीच्या मधोमध मात्र ठेवू नका, पडलात तर सगळा मार मणक्यावर बसतो.

घाम येणाऱ्यांनी आत बनियन घालायचं, पिस्तूलही रोज कोरडं पुसायचं. शर्ट गडद किंवा बारीक नक्षीचा, थोडा सैल. होल्स्टर बेल्टला अडकवणाऱ्या क्लिपचे स्क्रू चालून चालून ढिले होतात, त्यांना स्क्रू पक्के धरणारा द्रव लावा आणि आठवड्याला एकदा बघा.

विकत घेतल्यावर लगेच बाहेर जाऊ नका, रिकामं पिस्तूल लावून घरात दोन-तीन दिवस सगळं करा, खाली बसा, चपला घाला, वरच्या फळीवरचं काढा, संडासला जा. ज्या क्षणी हात नकळत कमरेकडे सावरायला जातो तिथे काहीतरी बसलेलं नाही, आधी क्लिपची उंची बदला, मग होल्स्टरचा तिरपेपणा, आणि एका वेळी एकच बदल करा नाहीतर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळत नाही.