सहा जण, पोपट किती?

प्रश्न : आम्ही सांगलीतले सहा जण रविवारी सकाळी आयर्विन पूल ते विष्णू घाट चालत पक्षी मोजतो आणि ई-बर्ड अ‍ॅपवर टाकतो. परवा पोपट कुणाचे 40 भरले, कुणाचे 65. बेरीज करायची की सरासरी? कावळे-चिमण्याही लिहायच्या का?

उत्तर : दोन्ही नको. बरोबर चाललात तर गट एक, यादी एक. एकाने नोंदी घ्यायच्या, बाकीच्यांनी पक्षी दाखवायचे आणि शेवटी तीच यादी पाच जणांना ‘शेअर’ करायची. सुट्या सहा याद्या टाकल्यात तर एकाच थव्याच्या सहा नोंदी होतात.

पोपटांची गोम वेगळीच. सकाळी रातथाऱ्यावरून, म्हणजे रात्री बसायच्या झाडांवरून, निघालेले थवे कधी कधी घिरटी घालून परत येतात आणि दुसऱ्यांदा मोजले जातात. नदीपलीकडचं एखादं झाड खूण म्हणून धरा, ते एकाच दिशेने ओलांडणारे तेवढेच मोजा, उलटे आलेले वजा करा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, त्या दहांनी किती आभाळ व्यापलं ते डोळ्यांत बसवा आणि असे किती घास होतात ते पाहा. साडेसहा घास म्हणजे 65. नुसतं ‘भरपूर’ लिहिण्यापेक्षा असा अंदाज केव्हाही बरा.

यादीत चाललेलं अंतरही जातं, त्याची चूक तर हमखास होते. घाटावरून त्याच वाटेने परतलात तर एका बाजूचंच अंतर धरायचं, आणि परतीच्या वाटेवर तेच पक्षी पुन्हा मोजायचे नाहीत. चहाला थांबण्याआधी यादी बंद करा. नाहीतर घरापर्यंतचा मोटारसायकलचा प्रवासही त्यात जातो आणि दीड किलोमीटरचे सहा होतात.

कावळे-चिमण्या लिहायच्याच. ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का, असं अ‍ॅप शेवटी विचारतं. तिथे खरेपणाने ‘हो’ म्हणता आलं, तरच यादीत चिमणी नसणं म्हणजे ती दिसली नाही, असा अर्थ काढता येतो. फक्त खंड्या आणि हळदी-कुंकू बदक लिहून ‘हो’ दाबलंत तर चिमण्या कागदावरच नाहीशा होतात. देशातल्या पक्ष्यांविषयीच्या 2020 च्या अहवालात चिमणी एकूण बरीचशी स्थिर, पण मोठ्या शहरांत घटलेली दिसली, ती असल्याच साध्या याद्यांवरून. 2023 च्या अहवालाला तर 30 हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदी होत्या.

प्रश्न : आमराईत मोबाइलने आवाजावरून ‘शिक्रा’ सांगितला, दिसला मात्र नाही. लिहावा का?

उत्तर : नाही. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, आणि कोतवाल पक्षी त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. साळुंक्या दचकून उडाल्या की त्यांचा किडा पळवतो. आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पक्षी दुर्बिणीत सापडेपर्यंत थांबा.