वाचक विचारतात : ट्रायसेराटॉप्स नाकावर पडतो

प्रश्न : मुलीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी कागदाच्या लगद्याचा ट्रायसेराटॉप्स (तीन शिंगांचा डायनोसॉर) करतोय, लांबी ४० सेंमी. डोकं बसवलं की तो पुढे कलंडतो. शिवाय या पावसात लगदा वाळत नाही, बुरशी धरते. डोक्यामागच्या हाडाच्या झालरीला भोकं ठेवायची का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : खरा प्राणी ८ ते ९ मीटर लांब होता, म्हणजे तुमचं प्रमाण साधारण १:२०. त्या हिशेबाने डोकं झालरीसकट १२ सेंमी आणि डोळ्यांवरची शिंगं ५ सेंमी. एवढं मोठं डोकं भरीव केलंत तर तोल जाणारच. ते वर्तमानपत्राच्या बोळ्यावर पातळ लगदा देऊन पोकळ करा. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाड तार एकच, अखंड ठेवा. मानेत जोड आला की तिथेच वाकते. पुढचे पाय थेट मानेच्या बुडाशी बसवा. तरीही झुकला तर शेपटीच्या मुळाशी दोन-तीन लोखंडी नट दाबून टाका.

बुरशी मुख्यतः मैद्याच्या खळीवर पोसते. त्याऐवजी एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी वापरा. थर ३ मिमीपेक्षा जाड नको, आणि पहिला पंख्याखाली पुरता वाळल्याशिवाय दुसरा नको. वरून कोरडं लागलं तरी आत ओल असते; घाईने रंग दिलात की ती कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

झालरीला भोकं अजिबात नकोत. तिचं हाड सलग होतं. मोठी भोकं टोरोसॉरस या दुसऱ्या शिंगवाल्या डायनोसॉरच्या झालरीत. कडेला मात्र छोटे त्रिकोणी उंचवटे हवेत. शिंगं पुढे वळवा, पिल्लांचीच मागे वळलेली असत. तोंडाच्या टोकाला दात नाहीत, चोच आहे. दातांच्या रांगा आत गालाशी. आणि कृपा करून हत्तीचे पाय लावू नका (बाजारातली खेळणी हेच करतात). पुढच्या पायाला पाच बोटं, त्यांतल्या आतल्या तिघांनाच खूर. मागच्या पायाला चार बोटं.

पाटीवर ‘६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिम उत्तर अमेरिका’ लिहा. शेजारी टी-रेक्स चालेल, स्टेगोसॉरस नाही; तो कितीतरी कोटी वर्षं आधीच संपला होता.

प्रश्न : पारसिकच्या डोंगरात असे जीवाश्म मिळतील का?
– एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : नाही. तो डोंगर लाव्हारसाच्या बसाल्टचा आहे, आणि ट्रायसेराटॉप्स भारतात सापडलेलाच नाही. महाराष्ट्रातला डायनोसॉर हवा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा लांब मानेचा इसिसॉरस बघा. तो तिथल्या गाळाच्या खडकांत सापडला.