कार्बाइड गनला नाही म्हणा, आणि फुलबाजीला गरीब समजू नका

ताई, तुमचा प्रश्न असा: घर लोकमान्य नगरात, पुढे गल्ली, पोर्चमध्ये गाडी, मुलं पाच आणि नऊ वर्षांची. थोरल्याला मित्रांसारखी 'कार्बाइड गन' हवीय. मग आणायचं काय?

गन अजिबात नाही. रुसला तर रुसू दे. पाइपात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, त्यावर पाणी. त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि लायटरच्या ठिणगीने बार होतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरकडे कितीतरी मुलांचे डोळे यानेच भाजले. गोम अशी की बार कधीकधी उशिरा होतो. पोरगं "काय झालं?" म्हणून पाइपात डोकावतं आणि नेमका तेव्हाच भडका उडतो. वर उरलेला चुना डोळ्यांत जातो, तो वेगळाच जाळतो.

हीच खोड भुईनळ्याची. वात विझल्यासारखी दिसते, आपण वाकून फुंकर मारायला जातो. फुसका निघालेला फटाका दुसऱ्यांदा पेटवायचाच नाही, वीस मिनिटं त्याच्याकडे फिरकायचं नाही, मग लांबूनच बादलीभर पाणी ओतायचं. मुलांना हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी कोणी ऐकत नाही.

धाकटीच्या हातात सगळे बिनधास्त फुलबाजी देतात. तिचं टोक हजार अंशांच्या आसपास तापतं, आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते. पायाखाली आलेली तार तर हमखास भाजते. म्हणून शेजारी पाण्याची बादली, फुलबाजी संपली की तार थेट आत. एका वेळी एकच, हात लांब, पायात बंद चपला किंवा बूट. जरीचा परकर सकाळी मिरवा, रात्री सुती कपडे. हाताला सॅनिटायझर लावून पेटवायला जाऊ नका.

गाडी आधी पोर्चमधून दूर लावा. गल्लीत रॉकेट नकोच, ते कोणाच्या गच्चीत शिरेल याचा नेम नाही.

खोक्यावर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचा हरित फटाक्याचा शिक्का बघा. पण हरित म्हणजे धूर कमी, चटका तेवढाच. माळ आणायचीच नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच जोडलेल्या माळांवर बंदी घातली आणि दिवाळीच्या रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली.

भाजलंच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, तूप, हळद काही नाही. आजी आग्रह करतील, त्यांना तेवढं समजवा. डोळ्यात चुना किंवा कार्बाइड गेलं तर जागेवरच भरपूर पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग दवाखाना. तुकडा रुतला असेल तर मात्र ना धुवायचं, ना चोळायचं, ना दाबायचं. वर कागदी कप अलगद टेकवा आणि लगेच १०८ ला फोन किंवा सरळ नेत्रतज्ज्ञाकडे.