ट्रीटमेंट संपल्यावर काय खायचं, किती हलायचं आणि कुणाचं ऐकायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंची स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपून चार महिने झालेत, हार्मोनची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणाले "आता नॉर्मल जगा" आणि विषय तिथेच संपला. इकडे रोज कुणी ना कुणी सांगतंय की साखर बंद करा, सोयाबीन विष आहे, ही अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्या, आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतो म्हणून घरात त्यांना कुणी काही उचलूच देत नाही. खरी माहिती कुठे मिळेल आणि ती घरातल्या बाकीच्यांनाही लागू पडते का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शेवटच्या केमोला नऊ वर्षं झाली. शेवटची सुई काढली त्या दिवशी मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली होती, कारण तोपर्यंत दर दोन आठवड्यांनी कुणीतरी रक्त तपासायचं, वजन बघायचं, काही होतंय का विचारायचं, आणि एकदम ते सगळं थांबलं. रिकाम्या हाताने बसवत नाही, काहीतरी करावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच जो काही विकत असतो किंवा ठासून सांगत असतो तो खरा वाटायला लागतो. त्यामुळे आईंना यातलं काही करून बघावंसं वाटत असेल तर त्यांच्यावर चिडू नका.

मला स्वतःला एका सवयीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. कुठलाही सल्ला आला की "हे चांगलं आहे का" असं न विचारता "हे माणसांवर करून बघितलंय का, आणि न करणाऱ्यांशी तुलना केलीय का" असं विचारायचं. लॅबमधल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या गोष्टी ढिगाने सापडतात. त्यातल्या माणसाच्या पोटात गेल्यावर उपयोगी पडणाऱ्या फारच थोड्या.

याचं मला कायम लक्षात राहिलेलं उदाहरण बीटा कॅरोटीनचं आहे, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांत असणारं एक अँटिऑक्सिडंट, तुम्हाला सुचवलेल्या कॅप्सूलच्याच जातीचं. भरपूर भाज्या-फळं खाणाऱ्या लोकांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असायचं, म्हणून तेच गोळीतून द्यावं असं शास्त्रज्ञांनाही वाटलं, आणि वाटणं साहजिकच होतं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, 1994 मध्ये निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. जास्त! अमेरिकेत तशीच दुसरी ट्रायल चालू होती, बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र, तिथेही 28 टक्के जास्त, शेवटी 1996 च्या जानेवारीत ती मुदतीआधीच थांबवावी लागली. मग 35,000 हून जास्त पुरुषांची व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची ट्रायल, त्यात नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त आढळला, हे 2011 मध्ये छापून आलं. म्हणून "व्हिटॅमिनच तर आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान काय होणार" असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. अर्थात आईंच्या डॉक्टरांनी हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लिहून दिलं असेल तर ते चालूच ठेवायचं, कारण काही हार्मोनच्या गोळ्यांनी हाडं पातळ होतात आणि ते तपासून, कारण असल्यामुळे दिलेलं औषध आहे.

आता व्यायाम. याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण वरच्या परीक्षेत ही गोष्ट खरोखर पास झालीय आणि तरी हिची कुणी जाहिरात करत नाही. 2025 मध्ये 'चॅलेंज' नावाच्या ट्रायलचे निकाल आले, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली सेंटर्स, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 पेशंट, सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो झालेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला आरोग्याच्या माहितीचं साहित्य दिलं आणि दुसऱ्याला तीच माहिती अधिक तीन वर्षं मागे लागून व्यायाम करून घेणारा माणूस. पाच वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणारे व्यायामाच्या गटात 80.3 टक्के, दुसऱ्या गटात 73.9 टक्के. आठ वर्षांनी जिवंत असलेले 90.3 टक्के आणि 83.2 टक्के. हे आकडे वाचले तेव्हा मी रडले होते, खरंच, कारण माझी केमो संपली तेव्हा मला सगळे "आराम कर" एवढंच सांगत होते.

आणि व्यायाम म्हणजे काही अघोरी नव्हता. आधी जेवढी हालचाल होती त्याच्यावर साधारण 45 ते 60 मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढी भर. पण माहिती दोन्ही गटांना मिळाली होती हे विसरू नका, फरक होता तो सोबतीचा आणि नियमित विचारपूस करण्याचा. म्हणून आईंना व्हिडिओ पाठवून सोडू नका, त्यांच्याबरोबर चाला. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, ही ट्रायल आतड्याच्या कॅन्सरची आहे, हेच आकडे स्तनाच्या कॅन्सरला चिकटवता येत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्येही हालचाल करणाऱ्या बायकांचं पुढे चांगलं चाललेलं दिसतं, पण ते बहुतेक निरीक्षणातून आलेलं आहे, आणि ज्यांची तब्येत मुळात बरी त्याच जास्त चालू शकतात हा घोळ त्यात राहतोच.

थकवा, मनाची घालमेल, उदासी आणि रोजची कामं करायची ताकद, या बाबतीत मात्र वेगवेगळ्या कॅन्सरमध्ये चांगला पुरावा आहे. 2019 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने तज्ज्ञांना एकत्र बसवून जे छापलं त्यानुसार आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाचा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, एवढ्यानेही दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. सर्वसाधारण लक्ष्य आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचं आहे पण तिथून सुरुवात करायची नसते. मी दहा मिनिटांपासून सुरुवात केली होती, तेही भिंतीला हात लावत, कारण केमोने पायांचे तळवे बधिर झाले होते आणि तोल जायचा. बधिरपणा, हाडांचा त्रास, किंवा हृदयावर परिणाम करू शकणारं औषध झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या.

हाताच्या सुजेचं. घरच्यांची भीती प्रेमापोटी आहे आणि पूर्वी डॉक्टरही असंच सांगायचे. पण 2009 मध्ये एक ट्रायल छापून आली, अशीच सूज असलेल्या 141 बायका, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजन उचलायला लावलं, सुरुवात अगदी हलक्या वजनाने, शिकवणारा समोर, हातावर दाबाची बाही घालून, आणि हळूहळू वजन वाढवत नेलं. वर्षभराने सूज वाढलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच, आणि सूज अचानक उसळून येण्याचे प्रकार न उचलणाऱ्यांमध्ये 29 टक्के तर उचलणाऱ्यांमध्ये 14 टक्के! हात वापरलाच नाही तर तो अशक्त होतो, मग साध्या कामाचाही ताण त्याला झेपत नाही. तेव्हा उद्यापासून जड बादल्या उचला असं मी म्हणत नाहीये, पण लिंफेडेमाची, म्हणजे याच सुजेची, माहिती असलेला फिजिओथेरपिस्ट शोधा आणि हे त्यांच्या देखरेखीखाली सुरू करा. या उत्तरातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

खाण्याचं थोडक्यात, कारण तिथे चमत्कार नाहीत. 3,088 बायकांवरच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये भाज्या-फळं नेहमीच्या सल्ल्यापेक्षाही खूप वाढवून बघितली, सात वर्षांत कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही, हे 2007 चं. भाज्या खाऊ नका असा याचा अर्थ नाही, हृदय, पोट, वजन, साखर सगळ्याला त्या हव्यातच, पण एखाद दिवशी कमी खाल्ल्या म्हणून आईंनी अपराधी वाटून घेऊ नये. डाळी, कडधान्यं, सालीसकट धान्यं, भाज्या, फळं यांचं ताट, गोड पेयं कमी, लाल मांस कमी, प्रक्रिया केलेलं मांस शक्यतो नाहीच. साखरेने गाठ वाढते असं लोक म्हणतात, पण साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, शरीर दुसऱ्या अन्नातून ग्लुकोज बनवतंच. मात्र जास्त गोडाने वजन वाढतं, आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात जास्त वजनाचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध पक्का आहे, म्हणून बेताने. सोयाबीनची भीती बरीचशी उंदरांवरच्या प्रयोगांतून आली, उंदीर ते आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने पचवतात, बायकांच्या अभ्यासांत जेवणातल्या सोयाबीनने नुकसान दिसलेलं नाही. सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत.

दारू 1988 पासून आणि प्रक्रिया केलेलं मांस 2015 पासून आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे. पहिला गट म्हणजे कॅन्सर होतो याची खात्री पटलीय, धोका तंबाखूएवढाच मोठा आहे असं नाही, फॉरवर्डमध्ये हा घोटाळा नेहमी होतो. आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडच्या 2018 च्या अहवालात निरोगी लोकांसाठी ज्या शिफारशी आहेत त्याच, जमतील तशा, कॅन्सर झालेल्यांनीही पाळाव्यात असं म्हटलंय. म्हणजे आईंसाठी वेगळा स्वयंपाक नको, सगळ्या घरानेच तसं जेवावं, सगळ्यांनीच चालावं, आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती सोडणं हे या सगळ्याहून मोठं काम आहे.

वाचायला कुठे जायचं ते सांगते. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची 'पीडीक्यू' नावाची माहिती आहे, बऱ्याच विषयांवर पेशंटसाठी वेगळी आणि डॉक्टरांसाठी वेगळी, मी पेशंटची वाचून झाल्यावर डॉक्टरांचीही वाचते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीची 2022 ची आहार-व्यायामाची मार्गदर्शक तत्त्वं खास ट्रीटमेंट झालेल्यांसाठी आहेत. कॅन्सर रिसर्च यूके सोपं लिहितं. एखाद्या उपायावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासलेले हवे असतील तर कॉक्रेनचे साध्या भाषेतले सारांश बघा. हे बहुतेक इंग्रजीत आहे, अडलं तर इथे विचारा, मी आणि बाकीचे मिळून समजावू. कुठलंही पान वाचताना शेवटचं कधी तपासलंय ती तारीख बघा, आणि त्याच पानावर बाटली विकायला ठेवली असेल तर सरळ बंद करा.

राहिली ती कॅप्सूल. मेमोरियल स्लोन केटरिंग या न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलची 'अबाउट हर्ब्ज' म्हणून फुकट यादी आहे, वनस्पती आणि सप्लिमेंट एकेक करून, कशावर काय पुरावा आहे आणि कुठल्या औषधाशी भांडतं ते सगळं. हे भांडण खरं असतं, सेंट जॉन्स वर्ट ही उदासीसाठी घेतली जाणारी वनस्पती इरिनोटेकान या केमोचा असर कमी करते, आणि ती दुकानात बिनाचिठ्ठीची मिळते. बाटलीमागे लिहिलेला प्रत्येक घटक तिथे शोधा, मग बाटली आणि हार्मोनच्या गोळीचं पाकीट दोन्ही पिशवीत घालून पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तोपर्यंत कॅप्सूल सुरू करू नका, आणि तिच्या भरवशावर हार्मोनची गोळी एक दिवसही बंद करू नका.