लागोसला जाण्याआधी

बाळा,

अनेक आशीर्वाद. नायजेरियात लागोसच्या बँकेत कर्ज विभागात रुजू होते आहेस हे वाचून फार आनंद झाला. जाण्याआधी काय वाचू, असं विचारलंस. वाचशील तू पुष्कळ. मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो: समोर आलेल्या प्रत्येक प्रस्तावात तेल कुठे दडलंय ते शोध.

नायजर नदीच्या मुखाजवळच्या ओलोइबिरी गावात १९५६ साली तेल सापडलं, त्याआधी या देशाची ओळख उत्तरेकडच्या कानो शहरातल्या शेंगदाण्याच्या पोत्यांच्या राशी आणि कोको ही होती. आता निर्यातीचा बहुतेक पैसा तेलाचा. म्हणजे बँकेच्या ठेवी आणि बँकेची कर्जं, दोन्ही एकाच विहिरीवर. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर भाव होता, डिसेंबरात तो ४० च्या खाली आला. तेल-व्यापाऱ्यांना दिलेली आणि शेअर तारण घेऊन दिलेली कर्जं बुडाली. २००९ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सनुसी लामिदो सनुसी यांनी आठ बँकांच्या प्रमुखांना घरी पाठवलं.

एवढं होऊनही काही वर्षांत तेच. परदेशी कंपन्यांनी विकायला काढलेली तेलक्षेत्रं देशी कंपन्यांनी बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज काढून घेतली. जानेवारी २०१६ मध्ये भाव ३० च्याही खाली. त्याआधीच, सप्टेंबर २०१५ मध्ये, सरकारने आपल्या ठेवी व्यापारी बँकांतून काढून मध्यवर्ती बँकेत नेल्या होत्या. कर्जं थकली आणि ठेवीही आटल्या.

फाईलवर ‘बांधकाम’ किंवा ‘हॉटेल’ लिहिलेलं असेल, त्यावर विसंबू नकोस. कंत्राटदाराचं बिल सरकार देणार, सरकारकडे पैसा तेलाचा. हॉटेलात उतरणार ते तेल कंपन्यांचे पाहुणे. कागदावर चार क्षेत्रं दिसतात, जोखीम एकच. हे विचारायचा कंटाळा करू नकोस, वरिष्ठ घाई करत असले तरी.

मग खरं वेगळं कर्ज कोणतं? शेती, धान्याच्या गिरण्या, छोटे कारखाने. पण तिथे बँका हात आखडतात, कारण सरकारी रोख्यांवर घरबसल्या चांगलं व्याज मिळतं. म्हणून २०१९ मध्ये नियम आला: ठेवींच्या किमान ६५ टक्के कर्जं द्या, नाहीतर तुटीच्या निम्मी रक्कम मध्यवर्ती बँकेत अडकेल. (२०२४ मध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांवर आणलं.) हेतू चांगला होता. पण उद्दिष्टाने कर्ज वाटलं जातं, पारखलं जात नाही. आपल्याकडे बँकांना कर्जांपैकी १८ टक्के शेतीला देण्याचं उद्दिष्ट आहे. एका मार्चअखेरीला ते गाठायला मी शेत न पाहता सह्या केल्या. त्यातली बरीच खाती थकली, आणि नंतर खऱ्या गरजूंना नाही म्हणताना मला फार जड गेलं. तू असं करू नकोस.

तिकडच्या केब्बी राज्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये भातशेतकऱ्यांसाठी योजना सुरू झाली. बी-खत कर्जाऊ द्यायचं, परतफेड भाताने, आणि गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. मला ही मांडणी मनापासून आवडते. पण पुष्कळांनी ती सरकारी खैरात समजली आणि वसुली अडली. कर्जमाफीच्या आशेवर हप्ता थांबवणारे आपल्याला नवीन नाहीत.

गिरणीचा प्रस्ताव आला की स्वतः जा. वीज किती तास असते, डिझेलवर महिन्याला किती जातात, पावसाळ्यात ट्रक तिथवर पोहोचतो का, हे मालकाला नको, गिरणीतल्या कामगारांना विचार. शेजारच्या बेनिन देशातून चोरून येणाऱ्या तांदळाचा बाजारात काय भाव आहे तेही बघ. तो थांबवायला सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये जमिनीवरच्या सीमा बंद केल्या होत्या. गिरणीचा हिशेब सीमा बंद धरून मांडलेला असेल, तर सीमा उघडी धरून पुन्हा मांड. तरीही हप्ता निघत असेल, तर साहेबांशी वाद घालून मंजूर करून घे.

पहिली अशी फाईल हातात आली की मला लिही. आकडे आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
काका